परब मास्तरांची चौतीस पाकिटं

भिकाजी परब आचऱ्याच्या शाळेत माझ्याबरोबर अकरा वर्षं शिकवत होते. वळणदार अक्षर आणि त्याहून मोठा तोरा. १९८६ साली पुण्याहून शुभदाबाई खवले मांजरांवर संशोधन करायला आल्या आणि तो तोरा आणखी चढला.

बांदा, वालावल आणि आचरा इथल्या रानांतली खवले मांजरं एकमेकांपासून किती वेगळी आहेत, हे बाईंना पाहायचं होतं. सगळी एकाच रक्ताची असली तर एखाद्या रोगात सगळीच जातील, अशी त्यांना धास्ती. खवल्यातल्या प्रथिनांवरून ते थोडंफार कळतं म्हणे. रानात मेलेल्या जनावराचा खवला मिळाला की गावाचं नाव घालून पाकिटात ठेवायचा, एवढंच काम मास्तरांकडे होतं.

मास्तर कसले रानात जातात! आमच्याकडे पोराला दृष्ट लागू नये म्हणून खवला काळ्या दोऱ्यात ओवून कमरेला बांधतात. मास्तर नातेवाइकांकडे फिरले, चहा प्याले, खवले मागून आणले. घर ज्या गावात, ते गाव पाकिटावर. अशी चौतीस पाकिटं पुण्याला गेली.

वर्षाने बाईंचं पत्र आलं. तिन्ही रानांतली जनावरं जवळजवळ एकाच रक्ताची निघाली होती. त्यावर त्या निबंध छापणार होत्या, मास्तरांचे आभार मानून. मास्तरांनी ते माझ्यासमोर घरात मोठ्याने वाचलं.

मास्तरांच्या पत्नी सुगंधावहिनी भाकरी थापत होत्या. "एकाच रक्ताची नाय तर काय? आपल्या ट्रंकेत एकाच जनावराच्या खवल्यांचो डबो होतो. बांद्याचो खवलो काशीवन्संनी लग्नात न्हेल्यानी, वालावलचो अक्कांनी. ह्या घरातली चेडवां सासराक जाताना घेवन जातत, ता तुमका म्हायत नाय?"

बायकांचा हा व्यवहार मास्तरांच्या गावीही नव्हता. मी पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मास्तर दोन दिवस शाळेत आले नाहीत. गप्प राहिले असते तर पुण्यात कुणाला कळणार होतं? तिसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ते एसटीत बसले.

बाईंसमोर उभं राहून त्यांनी शुद्ध मराठीत सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, नुसता निबंध बाजूला सारला. मास्तरांनी पाकिटं मागून घेतली आणि एकेक गाव खोडून त्याच वळणदार अक्षरात 'आचरा' लिहीत बसले.

"ते एक जनावर तुमच्या घरी कसं आलं?" बाईंनी विचारलं.

मास्तरांचं पेन थांबलं. मान वर झाली नाही.

"बापाशीन मारल्यान. बिळात धूर मियाच घातलंय. तिच्या शेपटेर पिल्लू होता."