तिऊ अव्हेलिनोंचं नारिंगी जाकीट

आर्टिचोकची शेतं संपून रस्ता चढणीला लागला तेव्हा तिऊ अव्हेलिनोंनी बादली दुसऱ्या हातात घेतली. मत्स्यखात्याची कचेरी चार मैलांवर; दोन झाले होते, दोन बाकी होते. मी गाडी काढते म्हटलं होतं, पण चूक कबूल करायला निघालेल्या माणसानं पायी जावं असं त्यांचं म्हणणं पडलं. बादली रिकामीच होती. तरी पुरावा म्हणून ती त्यांना सोबत हवी होती.

तिऊ म्हणजे काका. आमच्या पुंता ब्रावा गावात त्यांच्याच फुर्तादो आडनावाची दहा घरं आहेत, घरोघरी काका आहेत, पण नुसतं तिऊ म्हटलं की हेच. एकोणिसाव्या वर्षी अझोर बेटांवरून कॅलिफोर्नियात आले, चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गोठ्यात गाई पिळल्या, आणि पेन्शन सुरू झाली त्याच आठवड्यात समुद्राकाठी येऊन मासेमारीच्या धक्क्यावर ठाण मांडलं. बादलीही गोठ्यातलीच.

आमचा समुद्र राखीव आहे. धक्क्यावर उभं राहून आमिषापुरत्या तारल्या धरायला मुभा आहे. गळानं धरा, नाहीतर दोरीला बांधलेलं गोल जाळं खाली सोडून हातानं वर ओढा. पण पायऱ्या उतरून वाळूत पाय ठेवलात की सगळं बंद. तिथं तुमच्या जाळ्यात एक तारली निघाली तरी गुन्हा. धक्क्याच्या तोंडाशी तशी पाटी आहे. ती कुणाला वाचता येत नाही, कारण तिऊ तिच्यापुढेच उभे असतात. मत्स्यखात्यानं स्वयंसेवकाचं नारिंगी जाकीट दिल्यापासून तर चर्चमध्येसुद्धा ते घडी करून मांडीवर घेऊन बसत. त्यांची बायको झुल्मिरा तेव्हा हयात होती. ती म्हणायची, लग्नाच्या कोटाला यांनी कधी एवढं जपलं नाही.

माझी नि त्यांची ओळखही ओरडा खाऊनच झाली. मी गावात नवी होते, हौसेनं जाळं घेऊन गुडघाभर पाण्यात उभी होते. वरून आवाज आला की बाई, वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवतो. आणि मला वर बोलावून खरंच वाचून दाखवली पाटी, अगदी खालच्या तारखेपर्यंत.

असा माणूस काल सकाळी चुकला. जाळं वर ओढताना दोरी धक्क्याच्या खांबाला चिकटलेल्या शिंपल्यांत अडकली. निघता निघेना. कापावी तर जाळं तिथंच राहणार, आणि राखीव पाण्यात जाळं सोडणं हाही गुन्हाच. मग ओहोटी आहेसं बघून ते पायऱ्या उतरले, खांबाशी जाऊन गुंता सोडवला, जाळं उचललं आणि तसेच थिजले. पाय वाळूत, हातात जाळं, जाळ्यात चौदा तारल्या. तेरा पाण्यात परत गेल्या. चौदावी एका पेलिकन पक्ष्यानं वरच्यावर पळवली.

कुणी पाहिलं नव्हतं. चढणीवर मी त्यांना तेच सांगून पाहिलं. म्हटलं, तिऊ, देवानं पाहिलं, आणि तुमच्या मनात काय होतं तेही त्याला कळलं. पुरे झालं की.

"देवाशी माझं बोलणं झालंय," ते म्हणाले. "जाकीट त्यानं नाही दिलेलं."

स्वयंसेवक चुकला तर हंगाम संपेपर्यंत जाकीट जमा, हाही नियम त्यांना पाठ होता. झुल्मिरा गेल्यापासून पहाटे उठायला त्या जाकिटाशिवाय दुसरं कारण उरलं नव्हतं. हे ते बोलले नाहीत.

कचेरीत रोशेल ताकेमोतो होती, मत्स्यखात्याची अधिकारी, त्यांच्या नातीच्या वयाची. तिनं सगळं ऐकून घेतलं. गोष्ट पेलिकनपाशी आली तेव्हा तिनं ओठ चावून खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, तिऊ, कागदावर एक समज लिहून देते, घरी जा, कॉफी प्या.

तिऊंना हे मुळीच रुचलं नाही. "मार्चमध्ये याच चुकीसाठी एका माणसाला मी तुझ्याकडे धाडलं होतं, पोरी. त्यालाही कॉफी पाज म्हणालीस का?"

रोशेलनं पेन खाली ठेवलं आणि जाकिटासाठी हात पुढे केला. तिऊंनी अंगातलं जाकीट काढलं, टेबलावर ठेवून नीट घडी घातली, बाहीवरचा तारलीचा खवला नखानं टिपला आणि दिलं. ऑक्टोबरच्या शेवटी घेऊन जा, म्हणाली ती. त्यांनी तारीख लिहून मागितली.

परतीच्या उतारावर नुसत्या सदऱ्यात ते एवढेसे दिसत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, आता लोकांना पाटी तरी वाचता येईल.

"कोण वाचतंय," ते म्हणाले. थोडं पुढे जाऊन थांबले. "सकाळी सहाला तू पाटीपाशी उभी राहा. ऑक्टोबरपर्यंत."

म्हटलं, मला कुठे जाकीट आहे?

"ओरडायला जाकीट लागत नाही."

मग तुम्ही इतकी वर्षं कशाला घालत होतात, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात त्यांनी बादली माझ्या हातात दिली.

"मी गळ टाकायला येईनच," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "जाळं घेऊन पायऱ्यांकडे वळलो तर मलाही ओरड. हळू नको हं. मी तुला ओरडलो होतो, तसं."