अकरा पोट्ट्यांची वंदनाताई

वंदनाताईचा रिपोर्ट सगळ्यात आधी मी पाहिला होता.

काल ताई गेली.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ताई आमची फुटबॉल कोच. नागपुरात इतवारी बाजारामागच्या वस्तीतल्या मनपा शाळेच्या पोरींची टीम तिनं उभी केली. मूळची जवळच्या खापा गावची, विणकरांच्या घरातली. तरुणपणी स्वतः खेळायची. गुडघा गेला, खेळ थांबला. मग दिवसभर एका ऑफिसात टायपिंग आणि संध्याकाळी आमच्यासोबत मैदानावर.

नियम एकच होता. जी दिवसा शाळेत नाही, ती संध्याकाळी बॉलला पाय लावणार नाही.

आणि ती खरंच आमच्या वर्गशिक्षिकेला फोन करून विचारायची.

मी नववीत असताना बाबा वारले. टेम्पो चालवायचे. तेरवी झाली आणि आईनं ठरवलं, दीपालीनं शाळा सोडायची, इतवारीत साडीच्या दुकानात लागायचं. दिवसभर साड्यांच्या घड्या.

आई वाईट नव्हती. भाऊ लहान, घर भाड्याचं. तिला दुसरा रस्ता दिसत नव्हता.

मी कोणाला काही सांगितलं नाही. मैदानावर जाणं बंद केलं, बस.

मग एका संध्याकाळी ताई घरीच आली. आईनं चहा ठेवला, पण बोलली तुटक.

"फुटबॉलनं पोट भरते का, ताई?"

"नाही भरत. माह्यं बी नाही भरलं," ताई म्हणाली. "पण हे पोट्टी मैदानावर येते तोवर शाळेत जाईन. मैदान सुटलं का शाळा सुटते. बहुत पोरी पायल्या मी अशा."

आई रडायला लागली. ताई तिच्याजवळ सरकून बसली आणि तिनं चहा संपेपर्यंत फुटबॉलचा विषयच काढला नाही. बाबांबद्दल विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन दुकानात गेली. पोरगी शाळा सुटल्यावरच येईल, जमत असेल तर ठेवा, असं मालकाला सांगितलं. बरीच घासाघीस झाल्यावर तो तयार झाला.

शाळकरी पोरीला दुकानात उभं करणं ताईला पटत नव्हतं. परत येताना तसं म्हणालीही. पण त्या वेळी तेवढंच जमण्यासारखं होतं.

आता संध्याकाळी माझं काम आणि संध्याकाळीच प्रॅक्टिस.

ताईनं सगळ्या टीमची प्रॅक्टिस पहाटे ठेवली.

नागपूरची ऐन थंडी. पोरी चिडल्या. आमची गोलकीपर शबनम तर बरेच दिवस माझ्याशी बोललीच नाही. आया म्हणाल्या, अंधारात पोरी पाठवणार नाही.

म्हणून ताई स्वतः न्यायला यायला लागली. अकरा जणी स्कूटीवर मावणार कशा? पायीच यायची. सगळ्यात लांबच्या घरापासून सुरुवात, एकेकीला हाका मारत. मैदानापर्यंत पूर्ण टीम जमायची. स्वेटर, कानटोप्या, मागे गल्लीतली कुत्री.

मला लाज वाटायची. एकदा विचारलंच, माझ्या एकटीसाठी एवढं काहून?

"आपल्यापाशी अकराच पोट्ट्या आहेत," ती म्हणाली. "तू गेली तर मी टीम कुठून आणू?"

त्या वर्षी आम्ही दुसऱ्याच राऊंडला हरलो. पण पुढच्या वर्षी दहावीला सगळ्या बसलो. शबनमचं गणित राहिलं. ताईनं तिला पुन्हा बसवलं आणि पास होईपर्यंत तिचा पिच्छा सोडला नाही.

आज मी सदर भागातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गेल्या दिवाळीनंतर ताई तिथे आली. थकवा जात नाही म्हणाली. तिचं रक्त मीच काढलं.

रिपोर्ट आला तेव्हा मी त्यावरचं नाव पुन्हा पुन्हा तपासलं.

ती तो घ्यायला एकटीच आली. आम्ही पेशंटला काही सांगायचं नसतं. मी पाकीट दिलं. तिनं ते उघडलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"वाईट आहे का वं?"

डॉक्टर सांगतील, एवढंच बोलू शकले.

"बरं. मंग डॉक्टरले परवा दाखवतो. उद्या पोट्ट्यायची मॅच आहे."

आणि गेली. मॅचला गेली.

मॅचच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत डॉक्टरकडे गेले. रक्ताचा कॅन्सर आहे हे नंतर तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं, म्हणून इथे लिहिते आहे. उपचार सुरू असतानाही ती मैदानावर खुर्ची टाकून बसायची. उठवेना तेव्हा आम्ही जुन्या पोरींनी तिच्याजवळ राहायच्या पाळ्या लावल्या.

काल खाप्याला कन्हान नदीच्या काठावर तिला निरोप दिला. आम्ही जुन्या आणि आत्ताच्या शाळेतल्या पोरी, सगळ्या एकाच गाडीनं गेलो. तिच्या भावानं आम्हाला पुढे बोलावलं. तुम्हीच खांदा द्या म्हणाला, ती तुमच्यातच जास्त राहिली.

सगळं झाल्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला. मग विचारलं,

"ते खेळे कशी? आमी कधी पायलंच नाही. बाबा जाऊ देत नव्हते पाहाले."

तिला खेळताना आम्हीही पाहिलं नव्हतं. आमच्यासाठी ताई म्हणजे शिट्टी आणि आवाज.

शबनम म्हणाली, मी पाहिलंय. एकदाच. मी बॉलला घाबरायची म्हणून एक दिवस सगळ्या घरी गेल्यावर ताईनं स्वतः बॉल ठेवला आणि मारला.

"मले बॉल दिसलाच नाही, दादा. मागच्या भिंतीवर आवाज झाला तवा समजलं."

तो हसला. चांगला मोठ्यानं हसला. मग खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड झाकून घेतलं.

जा ताई. तुझ्या पोरींचा तुला मनापासून निरोप.