नानांची गोड तंबाखू

काल गच्चीत शेजारचे नाना लोकरीचे कपडे उन्हात पसरत होते. सगळीकडे व्हॅनिलाचा वास सुटला होता.

त्यांचा परदेशातला मुलगा दर खेपेला त्यांच्या पाइपसाठी तसल्या वासाची तंबाखू आणतो.

"पाइप ओढतोय की शिरा खातोय, तेच कळत नाही," नाना कुरकुरले.

"मग सांगा की त्याला!" मी म्हटलं.

"पहिल्यांदाच छान म्हणून बसलो ना!"

म्हणून त्या तंबाखूच्या पुरचुंड्या बांधून ते कपड्यांच्या ट्रंकेत ठेवतात. कपड्यांना कसर लागत नाही.

न आवडलेलं असं किती काय आपण मायेने सांभाळत असतो.

तेवढ्यात मुलाचा लहानपणीचा वीतभर स्वेटर हाती आला. नानांनी तो नाकाशी धरला.

"याला मात्र," ते हळूच म्हणाले, "हा वास शोभतो."