कुंडातले पैंजण

आम्ही राहतो त्या नावडे गावात संध्याकाळी कारखान्यांकडून सडक्या अंड्यांसारखा वास आला की मला ते गरम पाण्याचं कुंड आठवतं. लग्नानंतर सासरच्यांसोबत तिथं देवदर्शनाला गेले होते. वाफाळत्या पाण्यातून पाय बाहेर काढले, तर वडिलांनी दिलेले चांदीचे पैंजण काळेठिक्कर. सासूबाई चारचौघांत म्हणाल्या, "बापानं नकली चांदी गळ्यात मारली आमच्या. फेक ते पाण्यात." मी रडत फेकले. नवरा केमिकल कंपनीत केमिस्ट, शेजारी गप्प उभा. परतताना गाडीत हळूच म्हणाला, "जमिनीखालून येणाऱ्या त्या पाण्यात गंधक असतं. खरी चांदीसुद्धा काळी पडते, घासली की उजळते. पण आईला सगळ्यांसमोर कशाला खोटं पाडायचं?" आजही वास आला की तो म्हणतो, "खिडकी लाव." मी लावत नाही.