गाडी कोण चालवतं

माझे घरकार, म्हणजे यजमान, सरकारी बसवर ड्रायव्हर. गोवा राज्य झालं त्याच सुमाराला नोकरीला लागले आणि पुढची तीसेक वर्षं बहुतेक पेडणे-वास्को हीच गाडी त्यांनी चालवली. आमचं घर धारगळला, हायवेपासून जवळच. घरावरून जाताना ते दोनदा हॉर्न वाजवायचे. मी पडवीत आलेच पाहिजे असा त्यांचा हट्ट नव्हता, पण मी यायचे.

निवृत्तीला थोडे महिने उरले होते. एका सकाळी ते चहाचा कप उचलायला गेले आणि कप लवंडला. मी चिडून म्हटलं, "लक्ष खंय आसा तुमचा?" ते काहीतरी बोलले, पण शब्द जड, चिकटलेले. तोंडाची एक बाजू झुकली होती. शेजाऱ्यांनी गाडी काढली म्हणून वेळेत इस्पितळात पोचलो. पक्षाघात होता. महिन्याभरात बोलणं सुधारलं, काठी घेऊन चालू लागले. उजवा हात मात्र जिथे ठेवावा तिथे पडून राहायचा.

डॉक्टरांनी म्हापशाजवळच्या एका केंद्रात पाठवलं. तिथे हाताला व्यायाम देणारा रोबो होता. मला वाटलं होतं, डोकं-पाय असलेलं काहीतरी असेल. होता तो टेबलाला जोडलेला एक यांत्रिक दांडा. त्यात ह्यांचा हात पट्ट्यांनी बांधायचा आणि समोरच्या पडद्याकडे बघायचं. हात सरकला की पडद्यावरची छोटी गाडी रस्त्यावर वळायची.

पहिल्या दिवशी गाडी एकदाही आपटली नाही. "बघलंस? हात वळणां विसरलो नाय!" ते मला म्हणाले. इतक्या दिवसांनी त्यांचा चेहरा उजळलेला पाहिला. परतताना बसच्या कंडक्टरलाही सांगून झालं.

पाचव्या दिवशी तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने एक बटण दाबलं. पडद्यावरची गाडी सरळ कुंपणात गेली. परत सुरू केली, परत कुंपणात.

"मशीन बिघडली," ते म्हणाले.

"ना काका, मशीन बरी आसा. आज तिची मदत कमी केली."

"मगे इतके दिस गाडी कोण चालवी होतो?"

ती म्हणाली, "बरीचशी मशीनच. तुमचो हात तिच्याबरोबर होतो."

दुसऱ्या दिवशी ते तयारच होईनात. "तुका जाऊचा तर जा," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. असा आठवडा गेला.

शेवटी मी एकटीच गेले, त्या मुलीशी भांडायला. खरं सांगायची एवढी काय घाई होती तुला, असं विचारलंही. तिने मला पाणी दिलं आणि ह्यांच्या नोंदींचा कागद पुढे ठेवला. म्हणाली, मशीन आधी काकांच्या हाताची वाट बघते. जिथे तो अडतो तिथेच पुढे नेते. हात जसा करू लागेल तशी मदत कमी करायची. "पहिल्या दिवशी मदतीशिवाय हात जराही हलत नव्हता, काकी. आता दोन बोटांइतका सरकतो."

मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "घरी त्यांना शर्ट कोण घालतं?"

"मी."

"आणि भरवतं कोण?"

"मीच. आणखी कोण?"

तिने कागदावर जिथे मशीनची मदत लिहिली होती तिथे बोट ठेवलं.

घरी येऊन मी त्यांना दोन बोटांचं सांगितलं. "दोन बोटांनी काय बस वळतली?" ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणावर शर्ट मांडीवर घेऊन बसलेले दिसले. मी जवळ गेले नाही. उंबऱ्यावर बसून दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले, कारण ते आपोआप पुढे जात होते. बाही उलटी झाली. त्यांनी शिव्या दिल्या, बाहीला की मला कोण जाणे. पहिली बस गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या बसला आम्ही चढलो तेव्हा बटणं एका घराने वरखाली लागली होती आणि मी ती तशीच राहू दिली. एवढं कठीण काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

पुढे बरेच महिने गेलो. शेवटच्या दिवशी त्या मुलीने मलाच खुर्चीत बसवलं. मशीनची मदत बंद करून माझा हात बांधला, गाडी सुरू झाली आणि मी ती पहिल्याच वळणावर झाडावर घातली.

"अगो, वळणाआधी बघ!" हे मागून ओरडले. "हॉर्न मार! हिका लायसन कोणी दिल्यान?"

मुलगी हसून हसून टेबलावर वाकली. मी पाच वेळा आपटले. ते काठी विसरून माझ्या खुर्चीला धरून उभे होते.

हात पुरता आला नाही. खांद्याइतका वर जातो, पेला धरतो, थंडीच्या दिवसांत बोटं आखडतात. गाडी चालवणं संपलं, हे त्यांनीच एकदा जेवताना सांगून टाकलं आणि आणखी भात मागितला. हल्ली संध्याकाळी ते अबोलीला पाणी घालतात, पाइप उजव्या हातात धरून. धार थरथरते, अर्धं पाणी पायांवर पडतं.

"चपला भिजल्यो," मी म्हणते.

"भिजूंदेत," ते म्हणतात आणि पुढच्या झाडाकडे वळतात.