वैशालीचं जर्नल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. आत ठेवून ठेवून जीव गुदमरायला लागलाय, एवढंच.

मी बारामतीच्या एका कॉलेजात संगणकाचं तर्कशास्त्र शिकवते. दरवर्षी सुरुवातीलाच फळ्यावर लिहिते — पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. अंगण ओलं आहे. म्हणजे पाऊस पडला, असं म्हणायचं का? पोरं हमखास 'हो' म्हणतात. मी सांगते, अरे, कुणी सडा टाकला असेल की! सगळा वर्ग हसतो. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते, कारण मला हसता येत नाही.

हे उदाहरण आमच्या सरांचं. तेव्हा मी इंदापूरहून एसटीने इथं शिकायला यायचे. माझ्याच वर्गातली वैशाली कोऱ्हाळ्याची, स्टँडवर गाडीची वाट बघता बघता आमची गट्टी जमली. या विषयात तिचं डोकं असं चालायचं की मला कौतुक वाटायचं — नाही, खोटं कशाला बोलू? हेवा वाटायचा. तिच्या वडिलांनी बजावलं होतं, एक वर्ष जरी वाया गेलं तर शिक्षण बंद. हे मला पक्कं माहीत होतं.

जर्नल द्यायच्या आदल्या संध्याकाळी तिने स्वतःचं जर्नल स्टँडवर माझ्या हातात दिलं. मी घरी नेऊन सगळं उतरवून काढलं. एका सिद्धतेत तिची चूक झाली होती — दोन वेगळ्या नियमांत चलासाठी एकच अक्षर, नियम जोडण्याआधी बदलायचं राहून गेलेलं. मला ती दिसली का? छे! दिसायला विषय यावा लागतो. सकाळी पहिल्या गाडीने आले, आधी माझं जर्नल सरांच्या टेबलावर ठेवलं आणि मग तिचं तिला परत केलं. साहजिकच तिचं माझ्यानंतर गेलं.

सरांनी दोघींना बोलावलं. चूक तीच, जागाही तीच. म्हणाले, नक्कल करणारा जर्नल नंतर देतो. हिने नंतर दिलं. म्हणजे नक्कल हिनेच केली. कळतंय का तुम्हाला? ओलं अंगण! त्यांनीच शिकवलेलं. बाकी काही नसेल, पण तेवढं मला समजलेलं होतं.

"सर, माझं जर्नल कालपास्नं हिच्याकडं व्हतं," वैशाली म्हणाली. सरांनी माझ्याकडे बघितलं. खरं का?

"नाही," मी म्हणाले.

भीती वाटली म्हणून? वाटली ना. पण त्याहून वाईट काहीतरी होतं — तिच्यापेक्षा मी हुशार, असं सरांना एकदा तरी वाटलं, ते मला आवडलं होतं. हे लिहिताना स्वतःची किळस येते.

तिची टर्म ग्रँट झाली नाही, परीक्षेलाच बसता आलं नाही. वर्ष गेलं, कॉलेज सुटलं. आता ती लोणी देवकरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते.

गेल्या महिन्यात इंदापूरच्या स्टँडवर भेटली. सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी. मी तोंड फिरवणार तोच तिने हाक मारली, आणि मुलीला म्हणाली, "ही मावशी लई हुशार हाय. हिच्या वहीतनं मी नक्कल केली, म्हनून माझं कॉलेज सुटलं." मग माझ्याकडे वळली. "व्हय का न्हाय गं?"

ती हसत नव्हती. थांबली — चांगली थांबली. मुलगीही माझ्या तोंडाकडे बघत होती.

"जुनं कशाला काढतेस आता," मी म्हणाले. मुलीच्या हातात बिस्किटाचा पुडा कोंबला आणि बारामतीच्या गाडीत चढले.

गाडी सुटेपर्यंत दोघी तिथंच उभ्या होत्या. त्या मुलीला आता ठाऊक आहे की तिच्या आईने नक्कल केली होती.