इंजिनापुढचा नारळ

माई माजघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. चुलीवर आधण ठेवलेलं होतं, देवघरात त्यांचे यजमान, भाऊसाहेब वकील, पूजा करत होते आणि नदीपलीकडून दहिवलीच्या भातगिरणीची पुक-पुक ऐकू येत होती. त्या काळी कर्जतला घड्याळं मोजक्याच घरांत. बाकीच्यांची सकाळ त्या पुक-पुकीवर चालायची. इंजिन सुरू झालं की आधण ठेवायचं, दुपारी थांबलं की पानं वाढायची. वाऱ्याबरोबर कोंड्याचा गोडसर, धुरकट वास यायचा आणि वाळत घातलेल्या लुगड्यांनाही तो लागायचा. गिरणी गेली, तो वासही गेला.

पण त्या वर्षी इंजिनाचा सूर बिघडला होता. मध्येच अडखळे, मध्येच धापा टाकी.

एवढ्यात दार वाजलं. तेही खालच्या बाजूला, पायाने ढकलल्यासारखं.

"कोण गं बाई सकाळी सकाळी लाथा मारतंय?" म्हणत माईंनी दार उघडलं.

दारात कोंडाजी उभा. डाव्या हातात भलामोठा दुधी आणि उजवी बाही कोपरापाशी गाठ मारून बांधलेली.

"माई, हात भरलेला हाय, म्हनून पायानं वाजवलं. रागवू नगा."

"मी म्हनलं व्हतं, दुधी माज्याकडं द्या," मागून त्याची बायको सुंदरा म्हणाली. "ऐकतील तर शप्पथ!"

माईंनी पुढे होऊन त्याच्या हातातला दुधी घेतला. हाच माणूस दर दिवाळीला नव्या भाताचे पोहे घेऊन यायचा, दोन्ही हातांनी पाटी धरून. गिरणी उभी राहिली तेव्हा घरची भातशेती धाकट्या भावाकडे सोपवून हा कामाला लागला. अठरा वर्षं इंजिन त्याच्या हाताखाली होतं. कुठला पट्टा सैल झालाय हे तो नुसत्या आवाजावरून सांगे. ओटीवर गप्पा मारताना मध्येच कान टवकारायचा, "घसरला बघा," म्हणायचा आणि चहा अर्धा टाकून पळायचा. भाऊसाहेब त्याला चिडवायचे, "अरे, ते इंजिन आहे की तुझी दुसरी बायको?" त्यावर सुंदराच उत्तर द्यायची, "दुसरी कसली? पयली तीच. मी मागनं आले."

पट्टा घसरायला लागला की त्याला राळ लावतात. भादव्यात कोंडाजी ती राळ लावत होता, बाही अडकली आणि पट्ट्याने हात ओढून घेतला. मुंबईच्या इस्पितळात तो कोपरापासून काढावा लागला. कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा होऊन तेव्हा वीस वर्षं होत आली होती. पण कायदा दहिवलीपर्यंत पोचला नव्हता. कोंडाजी बरा होऊन गिरणीत गेला, तर गिरणीच्या मालकाने, शेठनी, त्याला कामावरून काढून टाकलं.

भाऊसाहेबांनी त्याच्या वतीने अर्ज केला होता. शेठचं उत्तर कालच आलं होतं.

"बस," पूजा आटोपून बाहेर येत भाऊसाहेब म्हणाले. "नुसती चूक झाली म्हणून तुझा हक्क जात नाही. पण शेठ म्हणतात, इंजिन चालू असताना पट्ट्याला हात लावू नकोस असा त्यांचा स्पष्ट हुकूम होता आणि तू तो जाणूनबुजून मोडलास. तसं ठरलं तर सगळं बुडालं. पुरावा काय, तर इस्पितळातून आल्यावर तू इंजिनापुढे नारळ फोडून माफी मागितलीस. वीस माणसांनी पाहिलंय. कशाला फोडलास रे तो नारळ?"



"फोडलाच नाय म्हनून सांगा की," सुंदरा म्हणाली. "हात गेला त्यो गेला, आन वर येका नारळापायी गुन्हेगार बी आमीच?"

"इंजिनापुढं फोडलेला नारळ नाय म्हनू? गप गं."

दोघांची चांगलीच जुंपली. माई इतका वेळ सूप मांडीवर घेऊन ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "कोंडाजी, नारळ फोडताना म्हणालात काय?"

हा प्रश्न आजवर त्याला कोणीच विचारला नव्हता.

"काय म्हननार, माई? माज्या जागी लडकू लागलाय. तीन पोरांचा बाप. इंजिनाला म्हनलं, माजा हात घेतलास तर घेतलास, आता लडकूचा घेऊ नगंस."

भाऊसाहेबांनी माईंकडे पाहिलं आणि दौत पुढे ओढली.

सुनावणी अलिबागेला लागली. सुंदरा एकटी बाईमाणूस म्हणून यायला तयार होईना, म्हणून माईही निघाल्या. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, त्यामुळे मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. खालापूरच्या पुढे चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची. कोंडाजी एका हाताने ढकलत होता आणि मोटारीचा आवाज ऐकून ड्रायव्हरला सल्ले देत होता. धरमतरची खाडी होडीने ओलांडेपर्यंत सुंदराने सोबत आणलेल्या भाकऱ्या निम्म्या होडीला वाटून झाल्या होत्या.

कोर्टात निवाडा करणाऱ्या साहेबांनी विचारलं, "नारळ फोडलास?"

"फोडला."

शेठचे वकील हसले. मग भाऊसाहेबांनी उठून माईंचा तो प्रश्न विचारला. कोंडाजीने माईंना सांगितलं होतं तसंच सांगितलं. साहेबांची लेखणी थांबली.

"हा लडकू कोण?"

लडकू तिथेच होता. नारळ फोडताना पाहिल्याची साक्ष द्यायला शेठनीच त्याला आणलं होतं. साहेबांनी त्याला पुढे बोलावलं. "पट्ट्याला राळ कधी लावतोस?"

"इंजिन चालू असतानाच की, सायेब," लडकू सरळपणे म्हणाला. "बंद केलं तर शेठ वराडत्यात. परत चालू व्हाया अर्धा तास जातो ना."

शेठचे वकील घाईघाईने कागद चाळू लागले. माईंनी सुंदराचा हात घट्ट धरला. 

दुपारी निकाल झाला. शेठच्या हुकमाला पुरावा नाही, कोंडाजीने काही जाणूनबुजून मोडलेलं नाही, भरपाई त्याला मिळालीच पाहिजे. सुंदराने तोंडाला पदर लावला. साहेब कागद बांधता बांधता म्हणाले, "आणखी काही सांगायचंय?"

कोंडाजीने शेठकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"व्हय, सायेब. पट्ट्याफुडं हात आडवायला जाळी नाय. लढाईमुळं लोखंड मिळत नाय म्हनत्यात. माजी बायको बांबूच्या कामट्यांची जाळी विनून देईल. शेठनी ती तितं बांधू द्यावी आन काडू नये. येवढंच."